उजनीत, दात्यांच्या यॉटमधून

दात्ये तिला यॉट म्हणतात.
सोसायटी म्हणायची अडगळ,
तसा ठरावही होता वार्षिक सभेत, बहुमतानं.
नऊ वर्षं ती आमच्या पार्किंगमध्ये तयार होत होती,
माझी स्कूटर आणि पाण्याचा पंप यांच्या मधे,
कर्वेनगरात, जिथून समुद्र
एक घाट आणि तीन टोलनाके लांब.
मी खजिनदार. हात वर केला होता, ठरावाच्या बाजूनं.
म्हणूनच की काय, त्यांनी मलाच विचारलं,
"येता का? दोर धरायला माणूस हवंय."

डिसेंबर. टेम्पोतून भिगवण,
पुढं उसाच्या बांधावरून ढकलत ढकलत पाण्यात.
नाव 'उसंत'. नारळ फोडला,
अर्धी वाटी टेम्पोवाल्यानं नेली.

दात्यांच्या मांडीवर नकाशा, धरणाआधीचा,
घड्यांवर फाटलेला.
त्यात निळी फक्त भीमेची रेघ,
बाकी पायवाटा, विहिरी, आमराई, एक मसणवटा.
"आत्ता आपण गाडीवाटेवर आहोत.
डावीकडे चावडी.
जरा उजवीकडे घ्या, चिंच आहे, शेंडा लागेल."
मी सुकाणू वळवते
आणि चावडीपुढून जाताना
उगाच पदर सारखा करते.

वारा पडतो.
बराच वेळ पडलेलाच राहतो.
लांबवर रोहित पक्षी, रेशनच्या रांगेत असल्यासारखे,
कुणालाच घाई नाही.
मग एकदम शीड फुगतं, दात्ये "हां!" म्हणून ओरडतात
आणि त्यांची टोपी चावडीवर राहते.

बेट म्हणजे बुडालेल्या टेकाडाचं टाळकं:
चार बाभळी, पत्र्याची खोप, दोरीवर वाळणारी चिलापी.
बंदर म्हणजे आडवी पडलेली पाचवी बाभूळ
आणि साखळीनं बांधलेला ट्रॅक्टरचा टायर.
टायरवर बंदराची अधिकारी,
ईश्वरी बंडगर, इयत्ता चौथी.
"कुठनं आला?"
"पुण्याहून."
"पाण्यानं?"
दात्ये घुटमळतात. खोटं बोलायची सवय नाही.
"शेवटचं थोडं पाण्यानं."
"तितं टाका नांगर. हिकडं जाळं हाय आमचं.
आन् बंदराचं धा रुपय."
मी पावती मागितली. सवय.
तिनं माझ्या तळहातावर बोटानं काहीतरी लिहिलं,
ओल्या बोटानं, ते लगेच वाळलं.

कोरा चहा, गुळाचा. तळलेली चिलापी,
दात्यांनी "मी खात नाही" म्हणत तीन खाल्ल्या.
तिचा आजा, लिंबाजी, फारसं बोलला नाही.
मोबदल्यात मिळालेलं रान विकून
तो परत इथं आला होता, त्याच्याच शिवारावर,
फक्त साठ फूट वर.

निघताना नांगर येईना.
दात्ये ओढतात, मी ओढते, 'उसंत' कुशीवर कलंडते.
भंगारातल्या लोखंडाचा, दात्यांनी स्वतः जोडलेला,
सोसायटीच्या विजेवर, तेही मला माहीत आहे.
लिंबाजी काठाशी आला.
डोळ्यांवर हात. बाभळीपासून पावलं मोजली
पाण्यापर्यंत, आणि पुढची
नुसत्या बोटानं, पाण्यावरून.
"आमच्या पट्टीत घुसलाय. बांधाच्या दगडात."
आणि हसला, जेवढे दात होते तेवढ्यांनी.
"पंचेचाळीस वर्सं झाली, बाई.
आज माज्या रानाला नांगर लागला."

दात्यांनी दोर कापला.
परतीच्या वाटेवर नकाशा उघडला नाही.
अंधारात आम्ही कुणाच्या तरी घरांवरून आलो,
हळू.

मे महिन्यात फोन.
पार्किंगमध्ये मी मेंटेनन्सची पावती घेऊन उभी,
दात्ये फोन स्पीकरवर ठेवतात.
"घावला तुमचा नांगर, गाळात हुता.
आता गाडीवर या. होडी नको, बेट ऱ्हायलं न्हाई."
मागं कोंबडा, कुणीतरी बैलाला हाकारतंय.
"पर लगीच नका येऊ.
आजा म्हंतोय, एक तास काढून मग दीन."

दात्ये मनगटावरचं घड्याळ बघतात,
गाडीची किल्ली चाचपतात.
तो तास नव्हे, दात्ये, मी म्हणते.
तो नव्हे.